एकटीला खोली

रत्नागिरीला मी पुष्कळदा गेले, पण समुद्र काही पाहिला नाही. पोफळीच्या पॉवरहाऊस कॉलनीतून सगळ्यांनी मिळून पहाटे निघायचं, पावसला स्वामींचं दर्शन, आरे-वारेच्या किनाऱ्यावर फोटो, की अंधार पडायच्या आत घरी. समुद्रावर माझं काम एकच, सगळ्यांच्या चपला सांभाळणं. मुलं मोठी झाली, नातवंडं आली, काम तेच. यंदा म्हटलं, पुरे. एक रात्र एकटीने राहायचं आणि हवा तेवढा वेळ पाण्याशी बसायचं. नवरा पॉवरहाऊसमधून रिटायर झालेला. त्याला कुकर लावायला शिकवलं आणि एसटीत बसले.

मांडवीजवळच्या लॉजमध्ये काउंटरवरच्या माणसाने माझं आधार कार्ड घेतलं, माझ्या मागे पाहिलं आणि अजून कोण येतंय असं विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर कार्ड परत केलं. एकट्या बाईला खोली देत नाही म्हणे. का, तर मालकांचा नियम. शिरा पडो त्या नियमावर! पुरुष एकटा आला तर? त्याला देतो की, म्हणाला, जसं काही मीच वेड्यासारखं विचारलं होतं.

मग मोठे उपकार केल्यासारखा तोडगा काढला.

"काकी, मिस्टरांना फोन लावा. ते हो म्हणाले की लगेच किल्ली देतो."

माझं टाळकंच सरकलं. फोन लावला असता तर नवरा हो म्हणालाच असता, गरीब माणूस आहे. पण तेच तर नको होतं. साठी उलटलेली बाई मी, एका रात्रीसाठी घरून चिठ्ठी आणू? तिथल्याच सोफ्यावर बसले, डबा उघडला आणि थालीपीठ खायला लागले. येणारी-जाणारी माणसं बघायची. एका बाईने काय झालं विचारलं, तिला सगळं मोठ्याने सांगितलं. काउंटरवरचा म्हणाला, काकी, जरा हळू. मी कशाला हळू बोलते?

आणि नेमका नवऱ्याचाच फोन आला. कुकरची शिट्टी होत नव्हती. काउंटरवरचा खुणा करायला लागला, द्या, माझ्याकडे द्या. मी फोन स्पीकरवर टाकला. आधी रिंग नीट बसवायला सांगितली, आणि मग म्हटलं, "अहो, इथे मला खोली द्यायला तुमची परवानगी मागतायत. देऊ नका."

पलीकडे कुकरचं झाकण वाजलं. हा चांगुलपणाने हो म्हणून मोकळा झाला, तर मी हरलेच.

"माझी कसली परवानगी?" तो म्हणाला. "माझ्याकडे नाही ती. तू बस तिथेच."

मी बसले. काउंटरवरच्याने दारातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली काढून पुढे ठेवली. मी जागची हलले नाही. शेवटी तोच ती घेऊन सोफ्यापर्यंत आला.