खुर्ची नाकारणाऱ्या बाई

गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या त्या उभ्याच. वर्गात उभ्या, स्टाफरूममध्ये उभ्या. वह्यांचा गठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तपासायच्या, डबाही तिथेच खायच्या. मी चित्रकला शिकवते, माणसं न्याहाळायची मला खोडच आहे. पण मला काही कळलं नाही. उलट एकदा मी मोठ्यानं म्हटलं, "काय बाई, खुर्ची टोचते वाटतं?" सगळे हसले. बाई लालबुंद झाल्या.

टोचतच होती. बाळंतपणात त्यांना मूळव्याध झाली होती. नवऱ्याला त्यांनी "पाठ धरलीय" म्हणून सांगितलं होतं, सासूबाईंना तेवढंही नाही. शौचाला जाणं त्या होता होईल तो टाळायच्या. शाळेत आम्हा बायकांना संडास एकच, बाहेर कायम कुणीतरी ताटकळलेलं. म्हणून बाई दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, आणि दुखणं आणखी वाढायचं. डॉक्टरकडे जावं, तर तिथं दाखवायचं म्हणजे खरोखरच दाखवायचं! भल्याभल्यांना गणितात पाणी पाजणाऱ्या या बाईनं इथं मात्र अक्कल गहाण ठेवली होती.

अशात हेडसरांनी सभेत त्यांनाच पुढे केलं. "बघा जरा यांच्याकडे! घरी तान्हं बाळ, तरी दिवसभर उभ्या. खुर्चीचा मोह म्हणून नाही!" दुसऱ्या दिवशी शिपायानं सगळ्या वर्गांतल्या शिक्षकांच्या खुर्च्या उचलून हॉलमध्ये नेल्या.

शिव्या पडल्या त्या गणिताच्या बाईंना. त्यात मीही मागे नव्हते. सगळ्यांत जास्त हाल झाले इतिहासाच्या बाईंचे. निवृत्तीला दोन वर्षं, गुडघे पार गेलेले. फळ्याला हात टेकून शिकवायच्या. शेजारच्याच वर्गातून गणिताच्या बाई ते रोज बघत होत्या. एक वाक्य बोललं असतं तर खुर्च्या परत आल्या असत्या. ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना.

तिसऱ्या आठवड्यात इतिहासाच्या बाई शिकवता शिकवता मटकन खाली बसल्या. उठताच येईना. मुलं खिदळायला लागली. गणिताच्या बाईंनी आणि मी त्यांना उचलून स्टाफरूममध्ये आणलं. हेडसर धावत आले.

"सर, खुर्च्या परत आणा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मी हौसेनं उभी राहत नाही. मला मूळव्याध आहे, बाळंतपणापासून. बसवत नाही मला."

हेडसर भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. मग "बरं, बरं," म्हणत सटकले. मला माझा तो विनोद आठवला आणि मान वर करायची हिंमत होईना.

इतिहासाच्या बाई तशा मायाळू. आता त्या गणिताच्या बाईंना जवळ घेतील असं मला वाटलं. पण त्या गुडघा चोळत बसल्या.

"मला दोन्ही मुलांच्या वेळी झाली होती," त्या म्हणाल्या. "कोमट पाण्यात बसायचे, पाणी भरपूर प्यायचे. डॉक्टरला दाखवलं, महिन्याभरात बरी झाले. माझ्या कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं गं."

"लाज वाटली, बाई."

"तुझी लाज तू झाकलीस. आज चाळीस पोरं मला हसली, ती लाज मी कुठे झाकू?"

गणिताच्या बाई तोंड फिरवून खिडकीशी गेल्या. त्यांच्याजवळ जायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.