राखेतलं बी

देवीपुढं उभं राहून काय मागावं, हेच मला त्या दिवशी सुचेना. मी तशी फटकळ बाई. घरात जे वाटतं ते तोंडावर बोलते, आणि देवीशीही तसंच. पण वर्षभर तिला एकच गाऱ्हाणं घालून माझी जीभ थकली होती. सासूबाईंचं वर्षश्राद्ध आटोपून आम्ही दोघं नवराबायको भर वैशाखात आमच्या धाड गावाहून पूर्णा नदीपलीकडच्या आमच्या कुलदेवीला निघालो, तेव्हा खरं सांगते, मनात भक्ती कमी अन् रुसवाच जास्त होता.

गोष्ट वालाच्या बियांची. आमच्या परसात कुंपणभर सासूबाईंचा जांभळ्या फुलांचा वेल असायचा. बी त्या चुलीच्या राखेत घालून मडक्यात ठेवत, म्हणजे कीड लागत नाही. त्या गेल्या, अन् दहाव्याला घर धुऊन भांडी घासायची घाई उडाली. गॅस आल्यापासून घरात राख कुठली? माझ्या नणंदेला, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, कोनाड्यात मडकंभर राख सापडली. त्यांनी रडत रडत त्या राखेनं सगळी भांडी लख्ख केली. तळाचं बी नालीत वाहून गेल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं. हे ताईंना चारचौघांत म्हणाले, "मायचं तेवढंच उरलं होतं, तेही तू नालीत घातलं." त्या तेराव्यापर्यंतही थांबल्या नाहीत. मग राखी गेली, दिवाळी गेली, ताई काही आल्या नाहीत. आणि ज्या माणसाचा सारा जीव वाफ्यांत, त्यानं परसाचं दारच लावून घेतलं. चूक ताईंची नव्हती, हे ह्यांनाही कळत होतं. पण कळलं म्हणून वळतं थोडंच!

बुलढाण्याचा घाट उतरलो. मोताळ्याजवळ धामणगाव बढ्याकडं वळणारा रस्ता आला. ताईंचं सासर तिथलंच. ह्यांनी मान दुसरीकडं वळवली अन् गाडी सरळ काढली. पुढं सपाट काळं रान, नांगरून उन्हात टाकलेलं. ह्याच रस्त्यानं पूर्वी आम्ही सगळे जायचो. सासूबाई मागं बसायच्या, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. कुणाचं कुंपण उघडं दिसलं की म्हणायच्या, "थांबव रे जरा." मग कंबरेच्या पिशवीतलं मूठभर बी त्या अनोळखी घरात देऊन यायच्या. आम्ही कंटाळायचो, हॉर्न वाजवायचो. आता मागची सीट रिकामी होती, अन् गाडी कुठंच थांबवावी लागत नव्हती.

देवळात ओटी भरली. मी एवढंच म्हटलं, बाई, भावाबहिणीचं तू बघ, मी आता हात टेकले. बाहेर आले तर हे पायरीवर तसेच बसलेले. काही घडलं नाही. देवीलाही आपण नकोसे झालो, असं वाटलं.

परतताना पूर्णेच्या अलीकडं गाडीनं वाफ सोडली. इंजिनातलं पाणी आटलं होतं. आमच्या बाटल्या रिकाम्या, अन् त्या भागातलं विहिरीचं पाणी खारं. जवळच्या घरातून एक म्हातारी आली. तिनं घरातल्या माठातलं प्यायचं गोडं पाणी आणून गाडीत ओतायला दिलं. "खारं नका टाकू बा, गाडी खराब होते," म्हणाली. आम्ही संकोचलो, तर तिनं ऐकलंच नाही. आम्हाला सावलीत बसवलं. तिथं छपराच्या वाशाला वाळक्या शेंगांची जुडी टांगलेली होती. ह्यांनी एक शेंग फोडली अन् हातावरचं बी बघतच राहिले. अर्धं तांबडं, अर्धं काळं, थेट सासूबाईंच्या बियांसारखं.

"हे कुठलं जी, आजी?" ह्यांनी विचारलं.

"रस्त्यानं जानाऱ्या एका बाईनं देल्लं होतं, लय सालं झाली. तिचं पोरगं गाडीतून हॉर्न वाजवून राह्यलं होतं. म्हने, बी देल्लं तं सरत नाही, दडवलं तं सरते."

ह्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. म्हातारीनं न मागता ओंजळभर बी माझ्या पदरात टाकलं.

मोताळ्याजवळ तो रस्ता पुन्हा आला. मी पदरातलं बी सावरत होते. ह्यांनी आपणहून गाडी धामणगावकडं वळवली.

ताई दारातच उभ्या होत्या, भावाला पाहून पांढऱ्याफटक पडल्या. ह्यांनी माझ्या पदरातलं बी त्यांच्या ओंजळीत घातलं आणि म्हणाले, "ताई, चूल पेटवतं का अजून? राख पायजे होती. मायचं बी आता तुह्याच हाती राहू दे."

ताईंनी बी छातीशी धरलं अन् मटकन उंबऱ्यावर बसल्या. भाऊही तिथंच खाली बसला. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण त्या दोघांच्या मध्ये माझं काही काम नव्हतं.

मृगात ताई मडकं घेऊन धाडला आल्या. परसाचं गंजलेलं दार ह्यांनी तेल घालून उघडलं, दोघांनी मिळून वाफे केले, अन् आळी चुकीची केली म्हणून भांडलेही. ते भांडण ऐकताना मला किती बरं वाटलं, काय सांगू. आता कुंपण पुन्हा जांभळं झालंय. हा चमत्कार की योगायोग, मला ठाऊक नाही. आपण हात टेकले की दुसरा कुणाचा तरी हात पुढं येतो, एवढं मात्र मी पाहिलं. पहिली शेंग मी देवीपुढं ठेवली आणि ह्या खेपेला गाऱ्हाणं न घालता नुसते हात जोडले.

परवा रस्त्यानं जाणारी एक गाडी कुंपणाशी थांबली. वेलीचं बी मिळेल का, म्हणून आतल्या बाईनं विचारलं. माहेरपणाला आलेल्या ताई मडक्यात हात घालून राखेतलं बी काढत होत्या, अन् गाडीतली पोरं हॉर्न वाजवत होती. हे म्हणाले, "वाजवू द्या."