दादांची पँट

भूमकडं उन्हाळ्यातली लग्नं रानात मांडव घालून लागतात आणि दुपारी वारं उठतं. मी लग्नाचे फोटो काढतो. वडील, म्हणजे आमचे दादा, कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय धरून बसायचे. "दादा, धरा," म्हटलं की म्हणायचे, "धरलंय रं, तू काढ."

ते गेले तेव्हा, मेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून चुलत्यांनी सगळे बाहेर काढले. एक पँट मी दिली नाही. चुलते अजून बोलतात, बोलू देत. तिच्या दोन्ही पायांत वाळू भरून तोंडं शिवली. आता ती स्टँडवर दोन्हीकडं लोंबते आणि स्टँड हलत नाही.

परवा वारं उठलं. सवयीनं म्हणालो, "दादा, धरा." समोर नवरानवरी हसत उभी होती, आणि मी बटणावर बोट ठेवून उत्तराची वाट बघत राहिलो.