अंबुजाबाईंनी राखलेलं जहाज

अंबुजाबाई सरकारी कचेरीत समुद्राच्या तळाचे नकाशे काढत. तंजावरच्या मराठी घरातल्या, नोकरी चेन्नईत. पोहता येत नव्हतं, पण शहराच्या उत्तरेला एन्नोर बंदरापुढचा तळ त्यांना तोंडपाठ.

सुनामीनं वाळू सरकली आणि एळुमलै कोळ्याच्या जाळ्यात बुडालेल्या जहाजाची फळी आली. ती कचेरीत जमा झाली. वर्षभर मालक फिरकला नाही, तेव्हा कायद्याप्रमाणे जहाजाचा लिलाव ठरला.

"भंगारवाला जहाज फोडून नेईल, राव," अंबुजाबाई आपल्या साहेबांना, भीमसेनरावांना, म्हणाल्या. "शंभर वर्षांवरचं ठरलं तर पुरावस्तू. मग हात लावायची कुणाची छाती?"

भीमसेनरावांनी चष्मा पुसला. "एळुमलैनं सांगितलेल्या जागी पाणबुडे दोनदा उतरले. नुसती वाळू! सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर मी लिलावावर सही करतो."

अंबुजाबाई थेट कोळ्यांच्या वस्तीत गेल्या. एळुमलै जाळं सांधत होता.

"अण्णा, तुम्ही सांगितलेल्या जागी खेकडासुद्धा राहत नाही."

म्हातारा खदखदून हसला. "अम्मा, बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात. माशांची जागा आम्ही जावयालाही खोटी सांगतो. सरकारला खरी सांगू?"

"जावई मासे नेईल. भंगारवाला जहाजच नेईल. मग मासे बसतील कुठे, तुमच्या ओसरीवर?"

"आणि सरकारनं राखलं तर? पहिला मलाच हाकलतील!"

हे मात्र खरं होतं. अंबुजाबाईंनी कागद काढला आणि मोठ्यानं वाचत लिहिलं: नांगर नाही, जाळं नाही, गळ चालेल. राखण वस्तीतल्या माणसांनी करायची, पगार सरकारनं द्यायचा.

"साहेबांची सही कुठाय?"

"सोमवारी. तोवर तुम्ही सांगाल ती खरी जागा फक्त माझ्या डोक्यात राहील. सही नाही, तर जागा नाही."

एळुमलैनं जाळं बाजूला ठेवलं. मग बायकोला हाक मारली, "अगं, चुलीमागचा पत्रा आण!"

काजळीखाली तांबं निघालं आणि तांब्यावर ठोकलेलं साल: १८११. "फळीबरोबरच आला होता," एळुमलै ओशाळून म्हणाला. मग हलक्या आवाजात किनाऱ्यावरच्या खुणा सांगितल्या: होडीतून बघताना कुठली दोन धुराडी एका रेषेत धरायची, दीपस्तंभ कुठल्या टाकीमागे लपवायचा.

सोमवारी अंबुजाबाईंनी जमा झालेली फळी साहेबांच्या टेबलावर ठेवली, वर पत्रा. खिळ्यांची भोकं एकावर एक बसली. सहाच्या सहा.

"लिलाव रद्द," भीमसेनराव म्हणाले. मग अंबुजाबाईंनी वस्तीत लिहिलेला प्रस्ताव वाचता वाचता थांबले. "पण हे काय? राखणदारांना सरकारी पैसे? समुद्राला पहारा?"

"देवळाला पुजारी देता, राव. जहाजाला चार कोळी द्या."

"बरं, वर पाठवतो. हा गळ मात्र खोडतो."

"खोडा की. मग राखायचं कुठलं जहाज, तेही तुम्हीच शोधा."

"साहेबाला धमकी?"

"छे! अट. एळुमलैला शब्द दिलाय."

बाहेर चहावाला ओरडून गेला. भीमसेनरावांनी पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला, एकही शब्द न खोडता सही केली आणि शिक्का उमटवला.

अंबुजाबाईंनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग नकाशा उलगडला, पट्टी लावून दोन रेषा ओढल्या आणि त्या छेदल्या तिथं ठिपका दिला.