हाकेची शाळा

दार वाजलं तेव्हा ममताच्या तव्यावरची भाकर अर्धीच फुगली होती.

वाजलं ते बोटांच्या पेरांनी, सभ्यपणे, थांबून थांबून. मागच्या अंगणात शेवग्याला आरसा टांगून तिचा सासरा फुलसिंग मिशी कातरत बसला होता. त्याने कात्री तिथंच थांबवली.

"सायेब आला वाट्टे," तो म्हणाला. "आपला मानूस असता तं आतापावेतो चुलीपाशी येऊन बसला असता."

खरंच होतं ते. तांड्यात दार वाजवायची रीत नाही. येणारा दोन घरं आधीपासूनच नाव घेऊन हाक देत येतो, दार लोटलेलं असलं तर लोटून आत येतो, कुत्र्याला शिवी घालतो आणि पाणी मागतो. दार वाजवतो तो बुटातला माणूस.

ममताच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं, टकटक आपल्या दारावर झाली. तांड्याच्या त्या टोकाला, शाळेतल्या छोट्या रविनाच्या घरापर्यंत, ती काही ऐकू जायची नाही.

तिने भाकर उलटली, पदर डोक्यावर सारखा केला आणि दार उघडलं.

बाहेर तिशीला टेकलेला एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, मोटारसायकलवरची धूळ भुवयांवर बसलेली.

"ममता आडे मॅडम?"

'मॅडम' ऐकून मागच्या अंगणात फुलसिंगला हसू फुटलं.

"मी राजदीप मनवर. दारव्ह्याचा. माझी इथं... म्हणजे, आदेश निघाला. शाळेची किल्ली तुमच्याकडं राहते म्हणाले." तो पिशवीतून कागद काढू लागला.

"राहू द्या जी," ममता म्हणाली. "चहा घेता नं?"

कागदात काय असणार ते तिला ठाऊक होतं. उन्हाळ्यातल्या बैठकीतच सांगून झालं होतं की वस्तीशाळेची आता पक्की शाळा होणार आणि पक्क्या शाळेला डी.एड. झालेला पक्का मास्तर येणार. तेव्हा तिला वाटलं होतं, तो दिवस आला की छातीत काहीतरी होईल. आता तो दिवस दारात उभा राहून बूट काढत होता, आणि तिला दिसलं ते फक्त त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी पडलेलं भोक. ती आत गेली. भाकर जळली होती. ती तिने हातानेच तव्यावरून उचलली. बोटं भाजली हे तिला नंतर, बादलीत हात घातल्यावर कळलं.

फुलसिंग अर्धी मिशी घेऊन पुढच्या खोलीत आला. "बसा मास्तर. बाप काय करते तुमचा?"

"कापूस खरेदीच्या केंद्रावर होते, काट्यावर. केंद्र बंद पडलं. आता घरीच असतात."

"म्हंजे आमचा कापूस तुमच्या बापानं तोलला."

"तोलला असंन, बाबा."

"मंग त्यानं काटा मारला असंन तेवढं आता आमच्या पोराइले जास्त शिकवजा." स्वतःच्याच विनोदावर त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "आमच्या सुनेले काढलं म्हना."

राजदीपने कप खाली ठेवला. "मी नाही काढलं, बाबा. मीबी लय सालं वाट पाहून राह्यलो होतो. डी.एड. करून कापडाच्या दुकानात थानं उलगडत होतो."

"तुमाले कोन काय म्हनते? चहा प्या. थंडा होऊन राह्यला."

ममता दाराच्या चौकटीपाशी उभी राहून हे ऐकत होती. बोलणं दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय, असंच तिला वाटत होतं.

तसं तिला मास्तरीण होतेस का, असं कोणी विचारलंच नव्हतं. ती लग्न होऊन या तांड्यात आली आणि वर्ष-दीड वर्षात वस्तीशाळा मंजूर झाली. तांड्याचा नाईक देवीलाल पारावर म्हणाला, बारावीपर्यंत गेलेलं कोण आहे? सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. दिग्रसला मावशीकडे राहून बारावी झालेली ती एकटीच, आणि ती त्या वेळी पाण्याची घागर घेऊन बाजूने चालली होती. "फुलसिंगची बहू," कोणीतरी म्हणालं. घागर घरी पोचायच्या आत ती शिक्षिका झाली होती. तोवर सासऱ्यासमोर ती तोंड उघडत नसे. तशी चालच होती. फुलसिंगच म्हणाला, "शाळेत बोलशीन तं घरी मुकी कायले?" आणि तो पडदा त्या दिवशी गेला.

शिकवायचं कसं, ते मात्र कोणीच सांगितलं नाही. देवळाचा ओटा, सामान ठेवायला बाजूची कुलपाची खोली, एक फळा आणि खडूची पेटी, एवढं मिळालं. पहिल्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून फळ्यापाशी बसली आणि एकही पोर आलं नाही. दुपारी एक बकरी तेवढी ओट्यावर चढून खडू चाटून गेली. पुढचे काही दिवस हेच. रात्री फुलसिंग विचारायचा, "आज बकरी आलती का शाळेत?"

मग तिला वेचणीचं आठवलं. कापूस वेचायला निघालेल्या बाया कुठं जमून एकमेकींची वाट पाहत नाहीत. पहिल्या घरची निघते, पुढच्या दारापाशी नाव घेऊन हाक देते, ती निघाली की दोघी मिळून तिसरीला हाक देतात. शेत येईपर्यंत टोळी पुरी झालेली असते. ममताने तेच केलं. सकाळी आपल्या घरापासून निघाली आणि पहिल्याच दारापाशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हाक दिली, "चाल, शाळान चाल!" एक पोर आलं. मग त्या पोराने पुढच्या घरी हाक दिली. ओट्यावर पोचेस्तोवर तिच्यामागं रांग लागली होती.

पुढं प्रशिक्षणाला बोलावलं तेव्हा शाळा घंटेने भरते असं तिला समजावून सांगितलं आणि एक पितळी घंटाही दिली. घंटा तिने टांगली. ती पंधरा ऑगस्टला वाजायची. बाकी वर्षभर शाळा हाकेवर भरायची. घरून पोरांना त्यांच्या बोलीत आणायचं आणि ओट्यावर बसली की हळूहळू मराठीत उतरवायचं. ही तिची पद्धत तिने कुठून शिकली नव्हती आणि कोणाला सांगितलीही नव्हती.

तिच्या वाटेवरचं शेवटचं घर जमनीआजीचं. जमनीला ऐकू येत नाही. सून पुण्याकडे कामाला गेलेली, घरात नात रविना. रविनाचा बाप दुसऱ्यांच्या वावरात रोजाने फवारा मारायचा. पाठीला पंप, तोंडाला काही नाही. दोन वर्षांमागं, पोळ्यानंतरच्या अशाच दिवसांत, तो दुपारीच घरी आला, डोळ्यांपुढं अंधार येतो म्हणाला, आणि दिवस बुडायच्या आत गेला.

जिल्ह्यात त्या सालांत इतकी माणसं जात होती, की प्रत्येक मरणाचं कारण विचारायला कोणी ना कोणी यायचं. जीपा यायच्या, कॅमेरे यायचे, चौकशीवाले यायचे. प्रत्येक जण दार वाजवायचा आणि प्रत्येकाला एवढंच हवं असायचं की औषध अंगावर उडालं, की मुद्दाम घेतलं? म्हातारीला ऐकू येईना, म्हणून ते पोरीपुढं उकिडवे बसायचे आणि गोड आवाजात विचारायचे, "बेटा, बाबा काय प्याला होता?"

"पाणी," रविना सांगायची. तिनेच दिलं होतं.

ते एकमेकांकडे पाहायचे. मग दुसऱ्या दिवशी दुसरे यायचे, दार वाजवायचे, तेच विचारायचे. एके दिवशी टकटक झाली आणि पोर धान्याच्या रिकाम्या कोठीत उतरून बसली. त्यानंतर तिचं बोलणंच आटलं.

ममता रोज सकाळी त्या घरासमोर, दारापासून चार हात लांब उभी राहायची. दार लोटायची नाही. नाव घेऊन हाक मारायची, थोडं थांबायची, आणि पोरांना घेऊन निघायची. एक हिवाळा तसाच गेला, उन्हाळा गेला. पोरंही कंटाळली, "काकी, थे नाही येत," म्हणायची. मग एका सकाळी ओट्यावर पोचून मागं पाहिलं तर रांगेच्या शेवटी रविना होती. केस न विंचरलेले, एकाच पायात चप्पल. ममताने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि फळा पुसायला घेतला.

आता रविना दुसरीत होती. धडा वाचायची. मधल्या सुट्टीत एखादे वेळी हसायचीसुद्धा. पण हाकेशिवाय ती एक दिवसही आली नव्हती. मागच्या महिन्यात ममता तापाने पडली तेव्हा बाकीची पोरं आपापली जाऊन ओट्यावर खेळत बसली. रविना तेवढी घरातच राहिली.

हे सगळं त्या सकाळीच राजदीपला सांगता आलं असतं. चहा झाला होता, किल्ली खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली होती, आणि तो म्हणतही होता, "मॅडम, तुम्ही येता का? पोरांना ओळख करून द्या."

"तुमी व्हा समोर," ती म्हणाली. शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाल्यासारखे निघाले.

थोड्या वेळाने घंटा वाजली. ती भांडी घासत होती. घंटा वाजत राहिली आणि तिने घासून झालेलं पातेलं परत राखेत घेतलं.

मग अंगणात पावलं वाजली. पोरं देवळाकडे न जाता इकडंच आली होती.

"काकी, आज हाक काहून नाही मारली?"

"घंटा वाजली नं."

"थे तं पंधरा ऑगस्टले वाजते!"

"आता रोज वाजंन. नवे सर आले. जा."

"मारते का थे?"

"नाही मारत. जा, उशीर होते."

"त्याचे बूट लय चकाचक हायेत," एकाने बातमी दिली, आणि बूट पाहायलाच सगळी पळाली. रविना त्यांच्यात नव्हती.

दुपारी देवीलालची बायको येऊन बसली. "रडली-गिडली का नाही गं?" तिने विचारलं. "रडून घ्या लागते."

"नाही येत रडू."

"मायंबी रडू आटलं," ती म्हणाली आणि सुपारी कातरत राहिली. तांड्यात रडायलाही चाल असते. मरण झालं की बाया गळ्यात गळा घालून सुरात रडतात, गावाला ऐकू जाईल असं. त्या सालांत ते सूर आखूड होत होत गेले होते. शेवटी शेवटी बाया नुसत्या येऊन बसायच्या, जशी ही आता बसली होती.

शाळा सुटल्यावर राजदीप परत आला. या वेळी दार उघडंच होतं, तरी त्याने चौकटीवर बोटं वाजवली.

"पोरं मस्त आहेत, मॅडम. वाचतात. बोलतात. मला वाटलं नव्हतं." तो मनापासून बोलत होता. कपाळाला खडू लागला होता. "एकच मुलगी गैरहजर. रविना. मी स्वतः गेलतो तिच्या घरी, मधल्या सुट्टीत."

ममताने वर पाहिलं.

"लय वेळ दार वाजवलं. मग लोटून पाहिलं. म्हातारी झोपली होती. आत कोठीपाशी काहीतरी खुडबुडलं, उंदीर असतील. पोरगी वावरात निंदाले गेली असंन, नाही का? पण मी सोडणार नाही, मॅडम. आम्हाला शिकवलंय ते, एकही मूल शाळेबाहेर राहू द्यायचं नाही. उद्या जाईन, परवा जाईन. रोज दार वाजवीन, पण आणीन तिले."

ममताचा उजवा हात ओच्यात होता. सकाळी भाजलेली बोटं आत्ता कुठं चुरचुरायला लागली होती.

"हे पाहा मास्तर," खाटेवरून फुलसिंग म्हणाला, "माया सुनेसाठी वरती काही बोलता येते का ते पाहा. थे नुसती बसून राह्यली सकाळपासून."

"बोलतो नं, बाबा." राजदीप अवघडला. "मॅडम, अर्ज लिहून देऊ का? मी नेऊन देतो. इतके साल काम केलं तुम्ही. माझ्याच्यानं जे होईन ते सांगा."

"अर्ज नको," ममता म्हणाली. "उद्यापासून मी निंदाले जाईन. बाया सकाळीच निघतेत, मले शाळेच्या टाइमाले इथं राहता येणार नाही."

"मग? काहीतरी सांगा, मॅडम."

"एकच करा, सर. त्या घरचं दार वाजवू नका. थोडं दूर उभं राहून तिचं नाव घेऊन हाक मारा, न् थांबा."