टॉकीनं बंद केलेली शाळा

गंगाखेडच्या बाजाराच्या मैदानात फिरत्या टॉकीचा तंबू लागला, तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझा भाऊ चौदाचा. राज्य निजामाचं, वडील तहसील कचेरीत कारकून, आणि सगळ्या गावात मी हेवा करायचे तो एकट्या भावाचा. शाळेतले उर्दूचे धडे त्याला येत नसत, म्हणून तो घरी मार खायचा. मला त्या माराचाही हेवा वाटायचा. माझा धडा पाठ आहे की नाही, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती.

तंबूत पुरुष पडद्यासमोर बसायचे आणि आम्ही बायका पडद्याच्या मागं. पडद्यावर पाणी मारून तो ओला ठेवायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. लेकीबाळी परक्या पुरुषांत बसायला नकोत, म्हणून ही सोय.

चित्रपटात एक शहाणा मुलगा होता. तो कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचा, बापाचे पाय चेपायचा आणि शेवटी वकील झाला. त्याची बहीण शिकलेली. ती सायकलवर फिरायची, भाकरी जाळायची, बापाला उलट बोलायची. तिच्या पायी बाप छाती धरून गेला, मग ती रडली. मला तिचा राग आला नाही. मला तिची सायकल हवी होती.

घरी पोचताच वडिलांनी हुकूम सोडला. "भावाला वकील करायचं. अन् हिची शाळा उद्यापासून बंद. बघितलंत ना, शिकलेली पोरगी काय करती ते?"

मराठी शाळेतलं ते माझं शेवटचं वर्ष होतं आणि परीक्षेला बसल्याशिवाय मला मरायचंही नव्हतं. तेवढ्यात माझी आई, जी वडिलांपुढं कधी तोंड उघडत नसे, ती माझ्या बाजूनं बोलली.

"अहो, ती पोरगी डावरी होती. डाव्या हातानं जेवायलती, लिहायलती. डावरी म्हणून वाया गेली ती. आपली कुठं डावरी हाय?"

वडील हसून हसून खोकायला लागले. "अगं, तुमी मागं बसला होता! तिकडून सगळं उलटंच दिसणार. म्हणूनच म्हणतो, बायकांच्या अकलेला काय विचारायचं!"

आईचा चेहरा उतरला. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "मला माहीत होतं, बाबा. पडद्यावरच्या पाट्यांची अक्षरं उलटी होती. मी तशीच वाचली."

"उलटी वाचलीस? काय होतं?"

मी सगळं म्हणून दाखवलं. नटनट्यांची नावं, आणि शेवटची पाटीसुद्धा: शिकलेली लेक, घराला सुरुंग.

वडिलांनी भावाकडं बघितलं. "तू तर समोर बसला होतास. तू काय वाचलंस?"

"मी सायकल बघत होतो," भाऊ म्हणाला.

मग वडील म्हणाले, "हे डोकं ह्याच्या धडावर पाहिजे होतं."

क्षणभर मी फुलले. मग कळलं, माझं कौतुकसुद्धा भावाच्याच वाट्याला गेलं होतं.

माझी शाळा सुटली ती सुटलीच. वर दुसऱ्या दिवसापासून भावाला शिकवायचं काम माझ्याकडं आलं. उर्दूची अक्षरं मी त्याच्याच पुस्तकातून कधीच उचलली होती. चणे त्याच्या पुढ्यात आणि दात माझ्या तोंडात. तो जांभया द्यायचा, तालमीतल्या जोडीदारांच्या गोष्टी सांगायचा, आणि मी दात-ओठ खात त्याला भूमिती समजावायचे. तो पास झाला. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. मी चार खाल्ले आणि कुणाला विचारलं नाही.

परभणीच्या मोठ्या शाळेत जायला तो निघाला, त्या सकाळी त्याला ओवाळायचा मान अर्थातच बहिणीचा. मी ताट घेऊन उभी राहिले. त्याला नवी टोपी, नवा कोट, पाटाभोवती रांगोळी. कुंकू लावताना बोट जोरात दाबलं, तो ओरडलाही नाही. बाहेर टांगेवाला घाई करायला लागला होता. ओवाळून झालं की भावानं ताटात काहीतरी टाकायचं असतं. तो वाकला, डोळे भरलेले, आणि माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, मला न्हाई जायचं. माझ्या बदली तूच जा."

त्या क्षणी तो मला जेवढा नकोसा झाला, तेवढा आधी कधी झाला नव्हता. ज्याच्यासाठी मी रोज जळत होते, ते तो मला देऊन टाकायला तयार होता, आणि ते द्यायची मुभा त्याला नव्हती, घ्यायची मला नव्हती. वडील दारातून म्हणाले, "बघा, बहिणीला सोडून जाताना किती रडायलाय पोरगं!"