खाजाभाईंनी उसवलेले पंख

"कापड तुमचं आसंल, पन शिवन माजी हाय! आन माजी शिवन मी उसवनार!"

हे मी आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकलं, त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. भिंगारला, नगरच्या लष्करी छावणीशेजारी, आमचं स्वयंपाकघर आणि खाजाभाई शेख टेलर यांचं दुकान, मधे एकच भिंत. भिंत कसली, पडदाच तो. इकडं फोडणी दिली की तिकडं खाजाभाई शिंकायचे.

त्या दिवशी समोर एक सुभेदार होता. आठ वाजता त्याची परेड. नवी वर्दी अंगात घातलेली, बटणं लावून झालेली, आणि खाजाभाई म्हणत होते, काढा. का, तर कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली आलंय.

"एक सूत कोण बघतंय रे?"

"मी बघतोय की."

"मला उशीर होतोय. निघालो मी."

"निघा ना. वर्दी हितं ठिवून निघा."

शेवटी सुभेदार जुन्या वर्दीत पाय आपटत गेला. नवी वर्दी दुपारी उसवून, परत शिवून, घडी घालून तयार होती. ती न्यायला त्यानं शिपाई पाठवला. स्वतः पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढला नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडं जहिरानं, म्हणजे खाजाभाईंच्या बायकोनं, भांडी अशी आपटली की माझ्याकडच्या फळीवरचे डबे हलले.

असा माणूस. वाईट म्हणावा तर कधी कुणाचं वाईट केलं नाही. पण चांगल्या माणसाचा वैताग येत नाही असं कुणी सांगत असेल, तर त्यानं आमच्या भिंतीशेजारी एक महिना राहून बघावं.

पुढं वर्द्या तयार मिळायला लागल्या. दुकानात उरलं काय, पँटी आखूड करणं, चेन बदलणं आणि आम्हा बायकांचे ब्लाउज. खाजाभाईंनी पंचाहत्तरी ओलांडली, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. मला वाटलं, आता तरी हा माणूस निवांत बसेल. तर मागल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या नातीनं विमान आणलं.

नात म्हणजे हुमेरा. थोरल्या अमीरची मुलगी, नगरला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजात स्पर्धा होती. फोमबोर्डचं ग्लायडर करायचं, म्हणजे इंजिन नाही, काही नाही, नुसतं हातानं फेकायचं. जे पंधरा सेकंद हवेत राहील ते पुढच्या महिन्यात पुण्याला जाणार. नाही राहिलं तर घरी. फेकायचं एकदाच. पोरापोरांनी चार-चारचे ग्रुप केले होते. हुमेराला कुठल्याच ग्रुपनं घेतलं नाही, म्हणून तिनं एकटीनं नाव दिलं. "मी पुण्याला गेले ना आज्जी, की बघते कोण घेत नाही ते," असं मला म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

पहिलं विमान तिनं स्वतः केलं. जाड पुठ्ठ्याचे सपाट पंख, पट्टीनं आखून कापलेले. नाल्यापलीकडच्या मोकळ्या रानात आम्ही सगळे बघायला गेलो. हातातून सुटलं आणि परात पडावी तसं पडलं. चार सेकंद.

"हलकं न्हाई," खाजाभाई म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढून स्वतः बोर्ड आणायला गेले. बॅनरवाल्यानं त्यांना सनबोर्ड दिला. आमच्याकडं दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे फोटो ज्याच्यावर चिकटवतात तो. म्हणाला, चाचा, फोमबोर्ड काय आणि सनबोर्ड काय, एकच. खाजाभाईंनी विश्वास ठेवला. रात्रीचा दिवस करून विमान झालं. ते हुमेरानं फेकलं, आणि त्यानं लिंबाची फांदी मोडली.

"दादा, हे विमान नाही, कुऱ्हाड आहे," हुमेरा म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणायची.

खरा फोमबोर्ड शेवटी नगरच्या एका ड्रॉइंगच्या दुकानात मिळाला. दोन्हीकडून कागद, मधे फेस, हातात घेतला तर पापडासारखा. त्याचे पंख कापले तेव्हा सात सेकंद झाले. हुमेरा तोंड पाडून बसली. खाजाभाईंनी पंख हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पंखाच्या कडेवरून एक डोळा मिटून बघितलं.

"ह्याला छातीच न्हाई."

"काय?"

"सपाट कापड मानसाच्या अंगावर बसतं का? टक घ्यावा लागतो. फुगवटा द्यावा लागतो. हे तर नुसतं दांडीवर वाळत घातल्यावानी हाय."

"दादा, हे कापड नाहीये."

"पोरी, दुनियेत सगळं कापडच आसतं."

मग त्यांनी आपलं खुणा उठवायचं दातेरी चाक घेतलं, ते आपण कापडावर फिरवतो तसं पंखाच्या खालच्या बाजूनं रेघारेघांनी फिरवलं. कागद फाटला नाही, पण आतला फेस दबला. मग पंख मशीनच्या कडेवरून हळूहळू वळवला, जसं लहान लेकराला मांडीवर वळवावं. पंखाला पोट आलं. वरून फुगीर, खालून पोकळ. हुमेरानं मोबाईल उघडून तिच्या सरांनी पाठवलेलं चित्र बघितलं. चित्रात तसंच होतं.

दुसरा पंख त्यांनी दुसऱ्या दिवशी तसाच केला. अगदी तसाच. दोन्ही जोडायला घेतले तर एकाचं पोट वर आणि एकाचं खाली. पन्नास वर्षांत ज्या माणसानं एक बाही उलटी लावली नाही, त्यानं दोन डावे पंख करून ठेवले होते.

जहिरा पदर तोंडाला लावून हसली. "आता डाव्या-डाव्या हाताचा मानूस शोधा कुटंतरी, त्याला शर्ट शिवून द्या!"

खाजाभाई दिवसभर मशीनला पाठ करून बसले. जेवलेही नाहीत म्हणे. पण उजवा पंख झाला आणि विमान दहा सेकंद राहिलं. तिथून आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण आता त्यांना चटक लागली. हुमेरा कॉलेजात गेली की खाजाभाई चिकटटेप सोलून पंख काढणार. कोटाच्या खांद्याला उतार असतो तसा ह्यांना पंखांना उलटा चढ द्यायचा होता, टोकं दोन बोटं वर. तेही बरोबर निघालं, बारा सेकंद झाले. मग पुढचं तोंड हलकं वाटलं म्हणून नाकात वर्दीची पितळी बटणं चिकटवली, तेरा झाले. मग एक बटण जास्त वाटलं म्हणून सगळंच परत सोडलं, अकरावर आलं. पोरगी घरी येऊन बघते तर विमान आडवं पडलंय आणि पंख मशीनवर उलटे.

"दादा, काल तेरा सेकंद राहिलं होतं!"

"चौदा ऱ्हाईलं आसतं."

"पण आज किती राहतंय? राहतंय का आज काही?"

"आज उसवलंय. उद्या बघ."

रोज उद्या. स्पर्धा आली आठ दिवसांवर. माझा ब्लाउज, जो मी गौरी-गणपतीच्या आधी दिवाळीसाठी टाकला होता, तो मशीनखालच्या पिशवीत तसाच. विचारलं तर म्हणायचे, "आक्का, तुमचं काय उडायचं हाय का?"

शेवटी हुमेरा विमान घेऊन माझ्याकडं आली. "आज्जी, तुमच्या कपाटावर ठेवा. दादांना सांगू नका." मी ठेवलं, वर जुनी साडी टाकली. दोन दिवसांनी खाजाभाई गळ्यात टेप अडकवून दारात. ब्लाउजचं माप घ्यायचंय म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. माप घेताना नजर माझ्या खांद्यावर कमी आणि कपाटावर जास्त.

"खाजाभाई, माप माझं घ्या, कपाटाचं नको."

"व्हय व्हय," म्हणाले, आणि आखूड माप लिहून गेले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मी दळण आणायला गेले. दार नुसतं ओढलेलं, ते आमच्याकडं नेहमीचंच. परत आले तर भिंतीपलीकडून वास आला. जळका, नाकात बसणारा. धावत गेले. खाजाभाई इस्त्रीच्या टेबलाजवळ उभे, हातात इस्त्री, आणि समोर उजवा पंख. मागच्या कडेजवळ कागदाला एक चुणी दिसली म्हणून त्यांनी इस्त्री फिरवली होती. चुणी गेली. चुणीबरोबर आतला फेसही गेला. मागची कड बोटभर रुंदीत दबून पत्रिकेच्या कागदाएवढी पातळ झाली होती.

"खाजाभाई! आवो काय केलं हे!"

"चुनी हुती, आक्का," एवढंच म्हणाले. इस्त्री अजून हातातच.

पाचला हुमेरा आली. तिनं पंख बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "उद्या नऊ वाजता आहे, दादा."

बोर्ड शिल्लक नव्हता. ड्रॉइंगचं दुकान त्या दिवशी बंद. जहिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठानं भरलेले, आणि जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं, कारण इतकी वर्षं ती भांड्यांमार्फतच बोलायची. "तो सुभेदार घालवला. मी काय बोल्ले न्हाई. आता हिला बी घालवा. एक सूत, एक सूत! पोरीचं पुनं गेलं तुमच्या एका सुतात!"

खाजाभाईंनी इस्त्रीची वायर काढली. बराच वेळ पंखावरून बोट फिरवत राहिले. मग नातीला विचारलं, आणि विचारलं हेच नवल, कारण तोवर त्यांनी त्या विमानाचं काहीच कुणाला विचारून केलं नव्हतं.

"दुसरा बी तसाच करू का? एक बाही आखूड झाली तर दुसरी बी आखूड करावी लागती. न्हाईतर मानूस वाकडा दिसतो."

"करा," हुमेरा म्हणाली. "आता काय राहिलंय."

इस्त्री कोमट केली. वर मलमलचा तुकडा टाकला. हुमेरानं पट्टी धरली, त्यांनी दाबलं, उचललं, दाबलं. वितळवलं नाही, निजवलं. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्या पातळ झाल्या. टेप लावली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही रानात गेलो, मी, जहिरा, सगळे. मयतीला निघाल्यासारखे चाललो होतो.

हुमेरानं फेकलं. मी तोंडानं मोजत होते. दहाला ते अजून डोक्याच्या वर होतं. चौदाला लिंबाला वळसा घालत होतं. सोळा झाले आणि माझे आकडे मलाच खरे वाटेनात. सतराला ते गवतात टेकलं, पाखरू टेकतं तसं.

"सतरा!" हुमेरा मोबाईल नाचवत ओरडली. "दादा, मागची कड पातळ झाली म्हणून! हवा अडत नाहीये!"

खाजाभाई विमान उचलून आणत होते. एक डोळा मिटलेला. आले आणि म्हणाले, "डावीकडं वढतंय. आर्धं सूत आसंल. थांब, उसवतो."

खिशातून ब्लेड निघालंसुद्धा.

हुमेरानं विमान त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. "नाही."

"आगं, डावीकडं…"

"शिवण तुमची आहे दादा. पण उडवायचं मला आहे. देत नाही."

मला वाटलं, झालं, आता हे दोघं अंधार पडेपर्यंत भांडणार. खाजाभाईंनी तिच्याकडं बघितलं, विमानाकडं बघितलं. ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. "ने," म्हणाले. त्यांच्या हातातून चूक असलेली वस्तू बाहेर गेलेली मी तेवढी एकच बघितली. चेहरा मात्र दात उपटल्यासारखा केला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात, आम्हा सगळ्यांसमोर, सोळा सेकंद झाले. तिच्या सरांनी विचारलं, कड इतकी पातळ कशानं केली? हुमेरा म्हणाली, इस्त्रीनं. सगळे हसले, पण मग दोन ग्रुपनी तिला आमच्यात ये म्हणून विचारलं. येताना रिक्षात खाजाभाई माझ्या कानाशी पुटपुटत होते, "समद्यांनी बघितलं, आक्का. डावीकडं वढलेलं समद्यांनी बघितलं."

पुण्याच्या स्पर्धेला नवे पंख त्यांनीच करायचे, असं हुमेरानं स्वतः सांगितलं. ते काही त्यांच्या हातून झालं नाही. जानेवारीतल्या एका गुरुवारी पहाटेच्या नमाजाला उठले आणि वजूसाठी हात-तोंड धुतानाच गेले. पंख मग हुमेरानं कापले, चाक फिरवलं, कडा निजवल्या. पुण्यात नंबर आला नाही, पण एकोणीस सेकंद राहिलं. सरळ गेलं म्हणाली. कुठंच ओढलं नाही.

त्या पंखांचे बोर्ड खाजाभाई गेले त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी आले होते.

बोर्ड आणायला जायची त्यांची एक रीत होती. दुकानात आधी प्रत्येक बोर्डावर टिचकी मारून बघायची, मग कडेवरून एक डोळा मिटून, मग चार नापसंत करून दुकानदाराशी भांडायचं. येताना सायकलवर बसायचं नाही, कारण वाऱ्यानं बोर्ड वाकतात. सायकल हातात धरून नगरपासून भिंगारपर्यंत चालत यायचं. बुधवारीही तसेच आले. मी ओट्यावर गवार मोडत होते. तीन बोर्ड उतरवले, चादर सोडली, एकेक उन्हाकडं धरून बघितला आणि तिसऱ्यावर थांबले.

"वाकलाय."

"कुठं वाकलाय? मला तर सरळ दिसतोय."

"तुमाला दिसनार न्हाई. बदलून आनतो."

"आवो खाजाभाई, पुण्याला अजून पंधरा दिवस आहेत. चहा तरी घ्या."

"चा आल्यावर," म्हणाले. बोर्ड परत चादरीत गुंडाळला, सायकलला बांधला आणि आले तसे चालत गेले. दोन तासांनी परत आले. नवा बोर्ड सोडला, भिंतीला टेकवला, दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटला.

"ह्यो बी जरा वाकडाच हाय," म्हणाले, आणि चहा प्यायला आत गेले.